गावाचे नाव थैलीवर छापण्यापूर्वी

गोंदिया तालुक्यातील कामठा येथून एका वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. कामठा म्हणजे नागपूरजवळची कामठी नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. कामठीचे मोमीन विणकर आमच्या बहुतेक वाचकांना परिचित आहेत. कामठा हे मात्र धानाच्या मुलुखातले, जुन्या जमीनदारीचे गाव. नावात शेवटच्या एका अक्षराच्या मात्रेचा फरक, पण माल वेगळा, माणसे वेगळी आणि बाजारही वेगळा. योगायोग असा की या पत्रातला प्रश्नही नावाचाच आहे.

पत्रलेखक तांदळाचा लहानसा व्यापार करतात. भोवतालच्या शेतकऱ्यांकडून चिन्नोर धान घ्यायचे, भरडून आणायचे आणि थैल्या भरून नागपूरला पाठवायच्या, असा त्यांच्या घरचा वडिलोपार्जित धंदा आहे. यंदा त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने त्यांना निरोप दिला, "माल तोच द्या, पण थैलीवर 'बालाघाट चिन्नोर' असे छापून द्या. त्या नावाला सध्या भाव आहे. जमत नसेल तर आम्ही दुसरीकडून घेऊ." आपल्या वाचकाचे म्हणणे असे की, जिल्ह्याची हद्द ओलांडली की पलीकडे बालाघाटच आहे, धानही तेच आहे, मग नाव छापण्यात वावगे काय? आणि नाव छापणे गैर असेल, तर आमच्या कामठ्याच्या तांदळाला स्वतःचे नाव का असू नये?

प्रश्न एका माणसाचा असला तरी तो पुष्कळांचा आहे. आमचे वाचक कुणी विणकर, कुणी चांभारी मालाचे व्यापारी, कुणी वाद्ये करणारे, कुणी तांदूळ-मिरचीचे अडते. गावाच्या नावावर खपणारा माल प्रत्येकाच्या हाताखालून जातो. म्हणून या पत्राचे उत्तर येथे सविस्तर देण्याचे आम्ही ठरविले आहे.

कायदा कोठून आला

माल गावाच्या नावाने ओळखण्याची रीत जुनी आहे. पण त्या नावाला आपल्या देशात स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नव्हते. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या करारात भौगोलिक नावांच्या संरक्षणाचे कलम आले. त्यातली अट अशी की, जे नाव स्वतःच्या देशात संरक्षित नाही त्याला परदेशाने संरक्षण देण्याचे बंधन नाही. म्हणजे आधी आपले घर शाकारायचे, मग शेजाऱ्याकडे तक्रार न्यायची.

याच सुमारास दोन घटनांनी आपल्याकडे जाग आली. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले. ते आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. त्याच १९९७ साली राइसटेक या अमेरिकन कंपनीला बासमतीच्या वाणांवर व दाण्यांवर पेटंट मिळाले. भारताने हरकत घेतल्यावर त्यातील बहुतेक दावे गेले. आपल्या आजीच्या डब्यातली हळद आणि आपल्या शेतातला तांदूळ यांच्यासाठी परदेशात वकील लावावे लागले, तेव्हा कागदाचे महत्त्व सर्वांना पटले.

त्यातून 'वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी आणि संरक्षण) अधिनियम, १९९९' हा कायदा झाला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे कार्यालय चेन्नई येथे असून सर्व देशाची नोंदणी तेथेच होते. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. आज नोंदणी झालेल्या मालांची संख्या सहाशेच्या पुढे गेली आहे. आपल्या राज्यातील सोलापुरी चादर, येवल्याची पैठणी, नागपूरचे संत्रे, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, जळगावचे केळे, अशी कितीतरी नावे त्यात आहेत. विदर्भातील टसर रेशमाची करवतकाठी साडीही त्यात आहे.

हे बक्षीस नव्हे

वर्तमानपत्रे याला 'मानांकन' म्हणतात. या शब्दाने थोडा घोटाळा होतो. मानांकन म्हटले की वाटते, सरकारने मालाची परीक्षा घेतली आणि पदक दिले. तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने ही नावाची नोंद आहे. अमुक नाव अमुक हद्दीतल्या, अमुक रीतीने तयार झालेल्या मालालाच लावता येईल, एवढेच ती सांगते. शेताला कुंपण घातले म्हणून पीक चांगले येत नाही. पण दुसऱ्याचे गुरू आत शिरत नाही.

नोंद होण्यास मालाचा गुण, लौकिक किंवा दुसरे एखादे वैशिष्ट्य त्या मुलखामुळे आलेले असले पाहिजे. शेतमाल, नैसर्गिक वस्तू, हस्तकला, कारखान्यातील वस्तू व खाद्यपदार्थ हे सर्व यात येतात. कारागिराच्या मालात कच्चा माल त्याच गावचा हवा अशी सक्ती नाही. उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक काम त्या हद्दीत व्हावे लागते.

याचे उत्तम उदाहरण मिरजेचे आहे. मिरजेचा सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये नोंदणी मिळाली. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारी. राजे-रजवाडे गेले, हत्यारांचे काम बसले, तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी बनविण्याचा हुन्नर हस्तगत केला आणि 'सतारमेकर' हेच पुढे आडनाव झाले. सतारीला लागणारा भोपळा पंढरपूर भागातून येतो, लाकूड आणखी कोठून येते; पण भोपळ्याला दांडी जोडणे, तबली बसविणे, जवारी काढणे हे हात मिरजेचे आहेत. कायद्याने मान्य केला तो हा हात.

चार वेगवेगळी कुंपणे

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत पेटंट, ट्रेडमार्क, जीआय हे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून थोडक्यात फरक सांगतो.

ट्रेडमार्क हा एका दुकानाचा किंवा कंपनीचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो. 'अमुक छाप' तांदूळ हे त्याचे उदाहरण.

डिझाइनची नोंदणी नव्या आकृतीची, नव्या नक्षीची असते. ती आधी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. संरक्षण दहा वर्षांचे व आणखी पाच वर्षे वाढविता येते. आजोबांच्या काळापासून चालत आलेली बुट्टी यात बसणार नाही. तुम्ही काल रचलेली नवी बुट्टी बसेल, पण बाजारात मांडण्यापूर्वी अर्ज केला तर.

पेटंट नव्या शोधाचे असते. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाला आपल्या कायद्याप्रमाणे पेटंट मिळत नाही. हे आपल्या हिताचेच आहे, नाही तर हळदीवर कुणी तरी उद्या पुन्हा हक्क सांगेल.

भौगोलिक नाव या तिन्हींहून वेगळे. ते कुणा एकाचे नसते, त्या मुलखातल्या सर्व उत्पादकांचे असते. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. मात्र नोंदणीकृत वापरकर्ता वारला तर त्याचा हक्क त्याच्या वारसाकडे जातो. वारसा-वाटणीत दुकान आणि जमीन यांची चर्चा होते. हा कागदही त्या पेटीत असावा.

बियाण्याच्या वाणासाठी आणखी एक कायदा आहे, २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. शेतकऱ्याला आपण जपलेला किंवा निवडलेला वाण त्यात विनाशुल्क नोंदविता येतो. हा कायदा उशिरा आला याचे दुःख आपल्याच भागाने पाहिले आहे. आपण रोज 'एचएमटी' तांदूळ विकतो. तो वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतात निवडून तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. तांदूळ देशभर गेला, गिरणीवाले व व्यापारी त्यावर पोसले. पण कागदावर हक्क नसल्याने दादाजींच्या पदरी मानसन्मानाखेरीज फारसे काही पडले नाही. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

'उत्पादक' या शब्दात व्यापारीही येतो

आता व्यापारी बांधवांच्या कामाची बाब. पुष्कळांची समजूत अशी आहे की, जीआय ही शेतकरी आणि कारागीर यांची भानगड, व्यापाऱ्याचा त्यात संबंध नाही. ही समजूत चुकीची आहे.

या कायद्याच्या व्याख्येनुसार शेतमालाच्या बाबतीत 'उत्पादक' म्हणजे माल पिकविणारा, त्यावर प्रक्रिया करणारा आणि तो थैलीबंद करणाराही. म्हणजे भरडणारा गिरणीवाला आणि पॅकिंग करणारा यांचाही समावेश होतो. त्या मालाचा व्यवहार करणाऱ्यालाही व्याख्येत जागा आहे. अशा प्रत्येकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदविता येते. २०२० च्या नियमदुरुस्तीने ही प्रक्रिया सोपी झाली. अर्जदाराने स्वतः अर्ज करावयाचा आणि त्याची प्रत मूळ नोंदणीधारक संस्थेला द्यावयाची. अर्जाची फी दहा रुपयांवर आणण्यात आली. चहाच्या एका कपाच्या खर्चात होणारे काम केवळ माहितीअभावी राहून जाते.

वापरकर्ता न होताही अस्सल माल विकता येतो. तुम्ही अधिकृत माणसाकडून माल रीतसर विकत घेतला असेल तर तो पुढे विकणे, भरणे यात कायद्याचा भंग नाही. अट एकच, की तुमच्या हाती आल्यावर माल बिघडता कामा नये. अस्सल चिन्नोरमध्ये दुसरा तांदूळ मिसळला की हे संरक्षण संपले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९९९ च्या कायद्यात खोटे भौगोलिक नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली. तसा माल विकणाऱ्यालाही तीच. "माल वरून असाच आला, आम्हाला काय ठाऊक" एवढे म्हणून सुटका होत नाही. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, शंकेला कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ते विचारताच सांगितले, हे दुकानदाराने दाखवावे लागते. म्हणून खरेदीचे बिल जपून ठेवा. तोंडी व्यवहाराची आपली जुनी सवय येथे महागात पडेल.

नकाशाच्या आत आणि बाहेर

प्रत्येक नोंदणीबरोबर एक नकाशा असतो. सारा खेळ त्या रेषेचा आहे.

बनारसी साडीचे उदाहरण घ्या. तिची नोंदणी २००९ मध्ये झाली. नाव बनारसचे असले तरी हद्दीत वाराणसीबरोबर मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगड हे जिल्हेही आहेत. त्या भागातले हजारो अन्सारी विणकर त्यामुळे आत आले. कोल्हापुरी चपलेचेही तसेच. २०१९ मध्ये मिळालेल्या तिच्या नोंदणीत महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे.

जे बाहेर राहिले त्यांची स्थिती पाहावयाची तर बासमती पाहावी. २०१६ साली बासमतीची नोंदणी झाली. तिच्या हद्दीत पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड व उत्तर प्रदेश आणि जम्मू-काश्मीरचे काही भाग आले. मध्य प्रदेशचे जिल्हे बाहेर राहिले. आम्हीही बासमती पिकवितो असे त्या राज्याचे म्हणणे. वाद मद्रास उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा उच्च न्यायालयाकडे फेरविचारासाठी आला. कोर्टाची ही फेरी टाळण्याचा मार्ग एकच आहे. अर्ज सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्यानंतर हरकतीसाठी तीन महिने व जास्तीत जास्त आणखी एक महिना मिळतो. बोलायचे असेल ते तेव्हाच बोलावे.

एकाच जातीच्या मालाला दोन मुलखांची दोन नावे असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. रसगुल्ल्यासाठी बंगाल आणि ओडिशा कित्येक वर्षे भांडले. शेवटी २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याची आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याची अशी दोन्ही नावे नोंदली गेली. एकाने दुसऱ्याचे नाव वापरायचे नाही, इतकेच.

चिन्नोरचेही हेच झाले. 'बालाघाट चिन्नोर' या नावाची नोंदणी २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यासाठी झाली. आपल्या बाजूने 'भंडारा चिन्नोर' हे नावही नोंदणीत आले आहे. चिन्नोर हे जुने सुवासिक धान. ते पक्व व्हायला वेळ घेते आणि उतारा कमी देते. सुवासिक तांदळाचा वास दाणा भरण्याच्या वेळी मिळणाऱ्या थंडाव्यावर बराच अवलंबून असतो. म्हणून तेच बी दुसऱ्या मुलखात नेले तर धान येते, वास तसा येतो असे नाही. शेतकरी कमी उतारा सोसून हे धान लावतो तो भावाच्या आशेने. बाजारात साध्या बारीक तांदळाला अत्तराचा हात लावून चिन्नोर म्हणून विकणारे जे आहेत, ते त्या शेतकऱ्याच्या आशेवरच घाव घालतात. पुढल्या वर्षी तो शेतकरी जास्त उताऱ्याचे धान लावतो, आणि मग अस्सल माल शोधूनही मिळत नाही. मापात खोट करणे आपल्यात किती वाईट मानले जाते ते आम्ही सांगायला नको. नावात खोट करणे ही मापातल्या खोटीची धाकटी बहीण आहे.

नोंदणी झाली म्हणजे संपले काय?

मुळीच नाही. बनारसी साडीची नोंदणी झाली, तरी यंत्रमागावर विणलेल्या नकली साड्या बनारसी म्हणून विकल्या जाणे थांबलेले नाही. गिऱ्हाइकाला हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक कळत नाही आणि विणकराला कोर्टाची पायरी परवडत नाही. कागद पेटीत ठेवून नकली माल थांबत नाही. दावा कोणी तरी लावावा लागतो, आणि तो लावण्याचा अधिकारही ठराविक लोकांनाच आहे.

कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात हे स्पष्ट झाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या प्रसिद्ध कंपनीने आपल्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. गवगवा झाल्यावर कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण असे की, नोंदणी ज्यांच्या नावे आहे त्यांनीच दाद मागावयास हवी, तिऱ्हाइताने नव्हे. त्यानंतर त्याच वर्षाअखेर कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून चपला करवून घेण्याचे मान्य केले. नोंदणी नसती तर करार करायला समोर कोणी बसलेच नसते. पण नोंदणी असूनही आरडाओरडा झाल्यावाचून काम झाले नाही, हेही खरे.

हैदराबादच्या हलीमवाल्यांनी दुसरी गोष्ट दाखविली. त्यांनी आपली संघटना करून २०१० मध्ये हैदराबादी हलीमची नोंदणी मिळविली. त्यासाठी आधी आपसांत बसून ठरवावे लागले की, हैदराबादी हलीम म्हणावे कशाला. तांब्याचे भांडे, विटामातीची भट्टी, लाकडाचा विस्तव, मांस आणि गहू यांचे प्रमाण, शिजण्याचा वेळ, हे सर्व लिहून काढावे लागले. ज्या धंद्यात प्रत्येक जण आपली कृती शेजाऱ्यापासून लपवितो, त्या धंद्यातल्या लोकांनी एका कागदावर सह्या केल्या. नोंदणीतले कठीण काम चेन्नईत होत नाही. ते आपल्याच मोहल्ल्यात होते.

आणखी एक लक्षात ठेवा. नोंदणी दहा वर्षांची असते. ती वेळेवर नूतन केली नाही तर नाव रजिस्टरमधून जाऊ शकते. संस्थेचे चालक बदलतात, कागद हरवतात आणि तारीख निघून जाते. ज्यांची नोंदणी आहे त्या संस्थांनी आपली तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

नवी नोंदणी करावयाची तर

अर्ज एकट्या माणसाला करता येत नाही. उत्पादकांचा संघ, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था यांनी अर्ज करावा लागतो, आणि ती संस्था खरोखर उत्पादकांचे हित पाहणारी असली पाहिजे. अर्जात मालाचे वर्णन, करण्याची रीत, मुलखाशी असलेले नाते, नकाशा, उत्पादकांची यादी आणि दर्जावर देखरेख कोण व कशी ठेवणार, हे द्यावे लागते.

सर्वांत अवघड असतो तो जुना पुरावा. नाव जुने आहे हे तोंडी सांगून चालत नाही. जुने गॅझेटियर, बाजार समितीच्या नोंदी, जुन्या पावत्या, रेल्वेच्या मालाच्या बिल्ट्या, जाहिराती, छायाचित्रे, लग्नाच्या खरेदीच्या याद्या, काहीही चालते. आमच्या वाचकांच्या घरी आजोबांच्या काळच्या वह्या माळ्यावर पडलेल्या असतील. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्या एकदा उघडून पाहाव्यात.

मदतीसाठी शेतमालाच्या बाबतीत राज्याचे कृषी पणन मंडळ व कृषी विभाग, आणि हस्तकलेसाठी जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे जावे. नाबार्डनेही अशा कामांना साहाय्य केले आहे.

कामठ्याच्या पत्राला आमचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

पहिली गोष्ट. थैलीवर 'बालाघाट चिन्नोर' छापू नका. ते नाव बालाघाट जिल्ह्यात पिकलेल्या धानाचे आहे. हद्द जवळ आहे हे कारण कायद्यात चालत नाही. आणि हे नाव छापण्याने आणखी एक नुकसान आहे, जे गिऱ्हाईक तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही तुमचा उत्तम माल दुसऱ्याच्या नावाने विकाल, तर लौकिक दुसऱ्याचा वाढेल. दहा वर्षांनी कामठ्याचे नाव पुढे आणायचे ठरले, तर तुमच्याच थैल्या पुरावा म्हणून तुमच्याविरुद्ध उभ्या राहतील.

दुसरी गोष्ट. 'भंडारा चिन्नोर' हेही नाव तसेच उचलू नका. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही सारा मुलूख भंडाराच आहे. पण कायदा तोंडची सवय पाहत नाही, नोंदणीतील नकाशा पाहतो. तो नकाशा भौगोलिक निर्देशन कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापलेला असतो आणि कोणालाही पाहता येतो. ज्या शेतांतून तुम्ही धान घेता ती गावे त्यात असतील, तर नोंदणीधारक संस्थेला कळवून अधिकृत वापरकर्ता व्हा आणि सन्मानाने ते नाव छापा. नसतील, तर ते नाव तुमचे नाही.

तिसरी गोष्ट. दोन्ही नावे नसली तरी खरे सांगायला कोणाची बंदी नाही. "चिन्नोर तांदूळ. कामठा, तालुका गोंदिया परिसरात पिकलेला" असे छापा, आणि ते शंभर टक्के खरे ठेवा. पॅकबंद मालावर भरणाऱ्याचे नाव व पत्ता द्यावाच लागतो. तो लहान अक्षरांत लपविण्याऐवजी ठळक छापा. स्वतःच्या दुकानाचा ट्रेडमार्कही नोंदवून घ्या. कोणत्या शेतकऱ्याकडून किती धान घेतले, कोठे भरडले, याची वही आजपासून ठेवा. अशा वह्या पाच-पन्नास व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी वीस वर्षे ठेवल्या तर उद्याच्या अर्जाला लागणारा पुरावा त्यातूनच उभा राहतो.

चौथी गोष्ट. एकट्याने हे होणार नाही. शेतकरी, गिरणीवाले आणि व्यापारी यांनी एकत्र बसावे. शेतकऱ्याला वाटते व्यापारी लुटतो, व्यापाऱ्याला वाटते गिरणीवाला मिसळतो, गिरणीवाल्याला वाटते शेतकरी ओले धान देतो. तिघांनाही थोडे थोडे खरे वाटत असेल. पण माल तिघांचा आहे, आणि नाव मिळाले तर तेही तिघांचेच राहील.

राहिला प्रश्न त्या गिऱ्हाइकाचा. आम्ही व्यापारातली माणसे आहोत. हातची ऑर्डर सोडणे म्हणजे काय ते आम्हाला कळते. त्यांना एकदा सरळ सांगून पाहा, की खोटे नाव छापलेली थैली उद्या पकडली गेली तर खटल्यात विकणाऱ्याचेही नाव येते, म्हणजे त्यांचेही. बहुतेक वेळा हे ऐकल्यावर माणूस विचार करतो. तरीही त्यांनी ऐकले नाही आणि ऑर्डर गेली, तर यंदा नुकसान होईल, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या थैलीवर तुमच्या गावाचे खरे नाव आहे ती थैली पुढच्या वर्षी पुन्हा मागितली जाते. दुसऱ्याच्या नावाची थैली मागणारा मात्र ती कोणाकडूनही घेतो.

आमच्या इतर वाचकांनीही आपापल्या मालाच्या नावाबद्दल असे प्रश्न असल्यास कळवावेत. पत्रासोबत जुन्या पावत्या किंवा वहीची एखादी नक्कल पाठविल्यास उत्तर देणे आम्हाला सोपे जाईल. अस्सल कागद मात्र पाठवू नयेत. ते घरीच, सुरक्षित जागी ठेवावेत.